फिनलेचे कुलूप कोण काढणार?

पावसाळा लागला की चिखलदऱ्याला निघालेल्या गाड्यांची परतवाड्यात रीघ लागते. याच जुळ्या शहरातली, अचलपूरची फिनले मिल मात्र मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. टाळेबंदी उठली, बाजारपेठा उघडल्या. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या तेव्हा बंद झालेल्या २३ गिरण्यांचे भोंगे काही वाजले नाहीत. फिनले त्यांपैकी एक. ही काही शंभर वर्षांची खचलेली गिरणी नव्हे. मुंबईची फिनले अचलपूरला आणताना तिथे आधुनिक यंत्रे बसवली होती. ती भंगाराच्या भावात निघण्याची वाट सरकार पाहत आहे काय?

वऱ्हाडाने हे आधी भोगले आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६० च्या दशकात मँचेस्टरचा कापूस अडवला, तेव्हा इंग्रजांना वऱ्हाडची काळी माती दिसली. कापूस ओढून नेण्यासाठी रूळ आले. मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला रेल्वे त्याच धंद्याची लेक. पुढे अकोल्यात सावतराम आणि मोहता, बडनेऱ्यात विजय मिल उभी राहिली आणि इथला कापूस इथे कातला जाऊ लागला. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात अकोल्याच्या दोन्ही गिरण्या सरकारच्या झाल्या. मालक बदलला, पण आजार गेला नाही. आज त्या भोंग्यांवर घड्याळ लावणारे अकोलेकर म्हातारे झाले आहेत.

आता कास्तकाराचा कापूस जिनिंगपर्यंत जातो. सरकी निघते, गाठी बांधल्या जातात आणि बहुतेक ट्रक परप्रांतातल्या सूतगिरण्यांची वाट धरतात. सूत, कापड, शिलाई हा पुढचा सारा रोजगार त्या ट्रकमागे जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढले. गिरण्यांना स्वस्त रुई मिळाली. ऐन हंगामाच्या तोंडावर भावाची धास्ती मात्र आमच्या शेतकऱ्याने घेतली. गिरण्या वऱ्हाडात असत्या, तर त्या स्वस्ताईतले निदान रोजगाराचे माप तरी इथल्या घरात पडले असते.

यावर नांदगाव पेठच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्ककडे बोट दाखवले जाते. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यात पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. पार्कचे स्वागतच आहे. पण तिथे बाहेरचे कापड आणून नुसती शिलाई होणार असेल, तर कापूस पिकवणाऱ्याला त्याचा उपयोग काय? भूखंड देतानाच स्थानिक कापूस कातण्याची, विणण्याची अट करारात लिहा. आणि पार्कसाठी कुशल कामगार शोधत फिरण्याआधी अचलपुरात बसून असलेल्यांना काम द्या.

फिनले चालवायची, भाड्याने द्यायची की कामगारांची देणी चुकती करून बंद करायची, हे केंद्राने तारखेनिशी जाहीर करावे. अमरावती-अकोल्याच्या खासदारांनी ती तारीख संसदेत मागावी. नाही मागितली, तर कापसाच्या पुढल्या हंगामात मते मागायला येताना त्यांनी याचे उत्तर सोबत आणावे.