मातृत्वाची वर्षे हिशेबात कधी धरणार?

बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद ही नावे आमच्या किनारपट्टीवरील वाचकांना कारवारप्रमाणेच सीमाप्रश्नामुळे परिचयाची झालेली आहेत. १९५६ साली हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले आणि हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्या वादाची उजळणी करण्याचा आमचा आज हेतू नाही. उदगीरचे माहेर आणि भालकीचे सासर असे सोयरसंबंध तेथे पिढ्यान्पिढ्या चालत आलेले आहेत. या नात्यांना सीमा ठाऊक नसली तरी सरकारी पैशाला ती ठाऊक आहे, आणि तेथूनच आमच्या विषयास प्रारंभ होतो.

सीमेच्या अलीकडे कर्नाटक सरकार ऑगस्ट २०२३ पासून ‘गृहलक्ष्मी’ योजनेखाली कुटुंबप्रमुख स्त्रीला दरमहा २००० रुपये देते. पलीकडे महाराष्ट्रात २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे १५०० रुपये मिळू लागले. गरीब घरात हा पैसा उपयोगी पडतो, हे नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. परंतु शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून सासूचे नाव असेल, तर कडेवर मूल घेऊन तुरीच्या शेतात खुरपणाऱ्या सुनेच्या हाती गृहलक्ष्मीचा एक पैसाही पडत नाही. आणि लाडक्या बहिणीचा लाडकेपणा तर पासष्टाव्या वर्षीच संपतो! ज्या वयात आधार हवा, नेमक्या त्याच वयात तो काढून घेतला जातो. वृद्धापकाळी मग ‘संध्या सुरक्षा’सारखी योजना उरते. तिचे मासिक मानधन २०२१ साली १२०० रुपये झाले. तेही साहाय्य म्हणून, हक्क म्हणून नव्हे.

साहाय्य आणि हक्क यांतील हा भेद शाब्दिक नाही. केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रीला अपत्यसंगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची रजा मिळते आणि त्या काळात तिची नोकरी खंडित होत नाही. मूल वाढविणे हे तिच्या बाबतीत सरकारने हिशेबात धरले आहे. खासगी कारखान्यातील कामगार स्त्रीला मात्र १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचा लाभ मिळण्यासाठी दहा वर्षांची सेवा भरावी लागते. दोन बाळंतपणांमुळे नोकरी सुटली आणि दहा वर्षे भरली नाहीत, तर मासिक निवृत्तिवेतनाचा प्रश्नच मिटला. शेतमजूर स्त्रीची तर सेवापुस्तिकाच नाही. मूल तिघींनी वाढविले. पण मोजले गेले ते एकीचेच.

दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या अंगणवाडी सेविकांचीही कथा निराळी नाही. त्या शासकीय पदधारक नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला, आणि ते प्रकरण कर्नाटकातीलच होते. त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला २०२२ साल उजाडावे लागले.

अन्य देशांनी हा प्रश्न कधीच हाताळला आहे. जर्मनीने १९८६ साली संगोपनाचा काळ निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरण्यास आरंभ केला. १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे तेथे तीन वर्षे जमा होतात. ब्रिटनने १९७८ पासून घरच्या जबाबदारीमुळे पडलेला वर्गणीतील खंड भरून काढण्याची सोय केली. त्यामागील तर्क साधा आहे. आजच्या वृद्धांचे निवृत्तिवेतन आजच्या कमावत्या पिढीच्या श्रमांतून येते. मग ती पिढी जिने घडविली तिने आपली वर्गणी भरलीच नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला लोकसंख्येचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कर्नाटक व महाराष्ट्रात जननदर १.७ आणि गोव्यात १.३ आहे, तेव्हा ही भीती आता जुनी झाली. शिवाय सवलत दोन अपत्यांपुरती ठेवता येईल. दुसरा आक्षेप असा की, यामुळे स्त्री चुलीलाच जखडली जाईल. तो अधिक विचारार्ह आहे. म्हणूनच हा हक्क ‘स्त्री’ म्हणून नव्हे, तर ‘संगोपन करणारी व्यक्ती’ म्हणून द्यावा. बापाने मूल सांभाळले तर तो बापाला मिळावा. २०२४ च्या कालवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे देतात असे आढळले. हे पाहता बापांची गर्दी होण्याचा धोका तूर्त संभवत नाही!

खर्चाचा बाऊ तर मुळीच करू नये. असंघटित श्रमिकांसाठी २०१९ साली आलेल्या पंतप्रधान श्रमयोगी मानधन योजनेत एकोणतिसाव्या वर्षी दाखल होणाऱ्या व्यक्तीची मासिक वर्गणी १०० रुपये असून केंद्र तेवढीच भर घालते व साठीनंतर मासिक ३००० रुपयांचे आश्वासन देते. राज्याने एका मुलामागे तीन वर्षे मातेची वर्गणी भरली, तर खर्च होतो ३६०० रुपये, म्हणजे दोन महिन्यांच्या गृहलक्ष्मीपेक्षाही कमी. तीस वर्षांनंतरच्या महागाईत ते ३००० रुपये अपुरे ठरतील, हे आम्ही जाणतो. परंतु मूल लहान असताना वर्गणी खुंटली म्हणून तिचे खातेच मरून जाणार नाही, हा लाभ लहान नव्हे. त्याच न्यायाने कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेच्या दहा वर्षांतही संगोपनाचा काही काळ धरला जावा.

गोव्यानेही आत्मसंतुष्ट राहू नये. २०१२ साली सुरू झालेली गृह आधार योजना आणि वृद्धांसाठीची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना यांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु त्यांतही साहाय्य आहे, हिशेब नाही. मातृऋण फिटत नाही, असे आपण पिढ्यान्पिढ्या म्हणत आलो. ते फेडा असे आमचे सरकारला सांगणे नाही. निदान ते वहीत मांडा, एवढीच आमची मागणी आहे.