कामगाराची पीपीटी कोणी करावी?

सांगवीतून रोज पहाटे कंपनीच्या बसने भोसरी, पिंपरी, चाकणला जाणाऱ्यांकडून हल्ली यंत्र चालवण्यापलीकडे आणखी एका कामाची अपेक्षा असते. लाईनवर कायझेन झाले, क्वालिटी सर्कलची स्पर्धा जाहीर झाली किंवा ग्राहक कंपनीचे ऑडिट आले, की सुपरवायझर सांगतो, ‘पीपीटी तयार ठेवा.’ आयटीआय करून पंधरा-वीस वर्षे लेथवर किंवा प्रेसवर काढलेल्या माणसाने पॉवरपॉइंट बहुधा कधी उघडलेला नसतो. मग विभागात नुकताच रुजू झालेला डिप्लोमा इंजिनिअर स्लाइड करून देतो आणि ऑपरेटर त्या पाठ करून स्टेजवर म्हणून दाखवतो. क्वचित एखादा ऑपरेटर हट्टाने नव्या सांगवीतल्या एखाद्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नाव घालतो आणि पाळी सुटल्यावर तिथे जाऊन बसतो. या दोन वाटांपैकी बरी कोणती, हे ठरवण्याची वेळ आली आहे, कारण या पट्ट्यात अशी सादरीकरणे आता नेहमीची झाली आहेत आणि बढती, बक्षीस, कौतुक यांचा काही वाटा त्यांवर ठरतो.

सादरीकरण हे कारखान्यात वरून लादलेले थोतांड आहे, असा एक सूर ऐकू येतो. इतिहास तसे सांगत नाही. जपानमध्ये १९६२ साली काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने क्वालिटी सर्कल सुरू झाली, तेव्हापासूनच कामगारांच्या गटाने आपला प्रश्न, त्याचे कारण आणि उपाय इतरांपुढे मांडणे हा त्या पद्धतीचा भाग होता. भारतात ही चळवळ १९८० मध्ये हैदराबादच्या भेल कारखान्यात रुजली आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. यंत्रातला बिघाड सर्वांत आधी यंत्रापाशी उभ्या माणसाला कळतो, म्हणून त्याचे कारण शोधण्याचा आणि ते वरिष्ठांना सांगण्याचा मानही त्याचाच, अशी यामागची धारणा. पॉवरपॉइंट येण्याआधी हे सगळे चार्ट पेपरवर स्केचपेनने आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदांवर व्हायचे. फिशबोनची आकृती पट्टीने आखायची, पॅरेटोचे खांब रंगवायचे. अक्षर कामगाराचे असायचे, चुकाही त्याच्याच असायच्या.

गंमत अशी की पॉवरपॉइंटचा जन्मही त्याच पारदर्शक कागदांसाठी झाला. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत तो तयार केला. एप्रिल १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर आलेली पहिली आवृत्ती काळ्या-पांढऱ्या रंगात होती आणि तिचे मुख्य काम कागद छापून देणे हे होते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरना ती कंपनी विकत घेतली. आपले म्हणणे मांडणाऱ्याला चित्रकाराकडे किंवा टायपिस्टकडे खेपा घालाव्या लागू नयेत, त्याने ते स्वतः करावे, हा गॅस्किन्स यांचा मूळ हेतू होता. आपल्या कारखान्यांत मात्र नेमके उलटे झाले. हाताने चार्ट रंगवणारा कामगार संगणक आल्यावर बाजूला सरला आणि त्याच्या जागी दुसरा कोणीतरी बसला.

यात बिघडले काय, असे विचारणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ऑपरेटरचे काम पार्ट काढणे. तीन पाळ्यांच्या चक्रात त्याला झोप पुरत नाही, त्यात क्लास कुठून आणायचा? इंजिनिअरला सॉफ्टवेअर येते, त्याला दोन तासांत जमते ते याला दोन आठवडे लागणार. श्रमविभागणी याच तत्त्वावर कारखाना चालतो, मग पीपीटीपुरता वेगळा न्याय का? शिवाय चाळिशी-पंचेचाळिशीतल्या माणसाला विशीतल्या शिक्षकासमोर माउस धरताना जो संकोच होतो, तो काही खोटा नसतो. त्याच्या हातात मायक्रोमीटर स्थिर असतो आणि माउस थरथरतो. या आक्षेपांत तथ्य आहे. मी ते बाजूला सारत नाही, फक्त दुसऱ्या बाजूला काय पडते ते पाहावे म्हणतो.

समजा, प्रेस शॉपमध्ये एका पार्टच्या भोकाला बर, म्हणजे कडेला धातूची खरखरीत धार, येतो आणि पार्ट रिजेक्ट होतात. सगळे म्हणतात पंच बोथट झाला. पंच धार लावून बसवला जातो, काही दिवसांनी पुन्हा तेच. ऑपरेटरच्या मात्र बोटाला कळते की बर भोकाच्या सगळ्या कडेला नाही, एकाच बाजूला येतो. पंच झिजला असता तर तो चहूकडे आला असता. म्हणजे पंच डायच्या मध्यावर बसत नाही, एका बाजूला फट कमी आणि दुसरीकडे जास्त राहते. तो डाय उतरवून पाहतो, तर डॉवेल पिन सैल. पिन बदलली, रिजेक्शन थांबले. आता इंजिनिअरने केलेल्या स्लाइडवर काय येते? ‘रूट कॉज : टूल मिसअलाइनमेंट. काउंटरमेजर : डॉवेल पिन रिप्लेस्ड.’ दोन्ही ओळी बरोबर आहेत. पण ‘बर एकाच बाजूला येतो’ हे निरीक्षण, ज्यावर सगळा शोध उभा आहे, ते गळाले. परीक्षकाने ‘हे कळले कसे?’ असे विचारले तर पाठ केलेल्या उत्तरात त्याला जागा नसते. हीच स्लाइड ऑपरेटरने केली असती तर त्याने बहुधा त्या पार्टचा जवळून फोटो लावला असता आणि बर आलेल्या बाजूला बाण काढला असता. एवढ्या एका फोटोने दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर, शेजारच्या प्रेसवरचा नवा पोरगा, सगळे शहाणे झाले असते.

म्हणून माझा कौल कामगाराने स्वतः शिकण्याकडे झुकतो. तरीही या साधनात एक खरा धोका आहे आणि शिकणाऱ्याला तो पहिल्याच आठवड्यात सांगितला पाहिजे. १६ जानेवारी २००३ रोजी नासाचे कोलंबिया यान झेपावताना बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका महत्त्वाच्या स्लाइडचे शीर्षक धीर देणारे होते. चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि प्रत्यक्ष आदळलेला १९२० घन इंचांचा असावा, म्हणजे ६४० पट मोठा, ही गोष्ट पार तळाच्या, बारीक अक्षरांतल्या ओळींत होती. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटले आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. स्लाइड नीट असती तर ते वाचले असते, असे कोणी म्हणू शकत नाही. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी अहवालाने तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइड वापरण्याच्या सवयीवर स्पष्ट बोट ठेवले आणि माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टे यांनी केलेले त्या स्लाइडचे विश्लेषण जगभर वाचले गेले. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकला आणि सलग वाक्यांत लिहिलेले टिपण आणायला सांगितले. टोयोटात प्रश्न, कारण, उपाय आणि पुढचे काम हे सगळे एका ए-थ्री कागदावर बसवण्याची शिस्त जुनी आहे. बुलेटच्या तुटक ओळींत दोन गोष्टींमधला कार्यकारणसंबंध हरवतो आणि तो हरवला हे मांडणाऱ्यालाही कळत नाही, हा या सगळ्यांचा समान अनुभव.

आता आपल्याकडे शिकवले कसे जाते ते पाहू. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, २००१ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावच्या केंद्रांतून लाखो मराठी माणसांच्या हातात पहिल्यांदा माउस दिला. मराठीतून शिकण्याची सोय दिली, शिपायापासून शिक्षकापर्यंत सगळ्यांची संगणकाची भीती मोडली. हे ऋण मोठे आहे. आयटीआयमध्येही एम्प्लॉयबिलिटी स्किल्स या विषयात संगणकाची तोंडओळख होते. मात्र कोणत्याही परीक्षेला बांधलेल्या शिकवणीचा ओढा कोणता पर्याय कुठल्या टॅबमध्ये आहे, याकडे राहतो. नवशिक्या माणूस तीन-चार दिवसांत ॲनिमेशनला पोचतो. अक्षरे उडत येतात, गोल फिरतात, मजा वाटते. ‘माझा देश’ किंवा ‘माझे कुटुंब’ यावर स्लाइड करून प्रमाणपत्र मिळते. कंपनीत आल्यावर समोर कोरी स्लाइड उघडते, तिच्यात शीर्षक आणि बुलेटची चौकट आयती आखलेली असते आणि माणूस ती चौकट भरू लागतो. काय सांगायचे आहे, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

शिकवणीचा क्रम उलटा केला तर फार काही लागत नाही. पहिले दोन दिवस संगणक बंद ठेवून कागदावर प्रश्न लिहून घ्यावा : काय बिघडत होते, केव्हापासून, कसे कळले, काय करून पाहिले जे चालले नाही, शेवटी काय चालले. न चाललेला उपाय सांगायला माणसे कचरतात, पण ऐकणाऱ्याला सगळ्यात उपयोगी तोच असतो. मग प्रत्येक स्लाइडला शीर्षक म्हणून पूर्ण वाक्य द्यायला शिकवावे. ‘रिजेक्शन ॲनालिसिस’ हे शीर्षक काहीच सांगत नाही. ‘बर एकाच बाजूला येतो, म्हणून पंच दोषी नाही’ हे सगळे सांगते. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच कोनातून, एकाच उजेडात, शेजारी स्टील पट्टी ठेवून काढावा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबला गेलेला असतो, पडद्यावर मोठा केला की फाटतो, म्हणून मूळ फाइल घ्यावी. एफ-फाइव्ह दाबले की स्लाइड शो सुरू होतो हे सगळे सांगतात. शो चालू असताना ‘बी’ दाबले की पडदा काळा होतो आणि लोक पडद्याकडे पाहायचे सोडून बोलणाऱ्याकडे पाहतात, हे फार थोडे सांगतात. माझ्या मते नवशिक्याला ॲनिमेशनच्या साऱ्या करामतींपेक्षा ही एक कळ अधिक बळ देते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. माणूस मराठीत विचार करतो, मराठीत बोलतो आणि पडद्यावर मात्र ‘ॲक्शन टेकन’ असे इंग्रजी तुकडे लावतो. ग्राहक जर्मन किंवा कोरियन असेल तर इंग्रजी स्लाइड लागणारच, तिथे इंजिनिअरने भाषांतराला हात द्यावा आणि त्यात काही कमीपणा नाही. पण प्लांटच्या आतल्या सादरीकरणात, जिथे ऐकणारे बहुतेक मराठी किंवा हिंदी समजणारे आहेत, तिथे ही सक्ती कशासाठी? ‘मराठी फॉन्ट उघडत नाही’ हे उत्तर एके काळी खरे होते. पुण्यातच तयार झालेली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसले की अक्षरांची नुसती रांगोळी दिसायची. युनिकोड आल्यापासून ती अडचण जवळपास संपली आहे. फोनवर मराठी बोलून टाइप होते, तो मजकूर तसाच स्लाइडवर चिकटवता येतो. सोबत पीडीएफ प्रत ठेवली की उरलीसुरली धास्तीही जाते. पार्ट, डाय, पिन, रिजेक्शन हे शब्द आता आपलेच आहेत. ते देवनागरीत लिहून वाक्य मराठीत केले की ऑपरेटर स्वतःचे वाक्य स्वतः वाचतो, अडखळत नाही.

राहिला वेळेचा आणि खर्चाचा प्रश्न, आणि इथे मी कंपन्यांच्या बाजूने बोलू शकत नाही. कामगाराच्या सुधारणेचा फायदा कंपनीला होतो, ऑडिटमध्ये गुण कंपनीला मिळतात, ट्रॉफी रिसेप्शनच्या कपाटात जाते. मग शिकण्याचा वेळ त्याने झोपेतून आणि फी घरखर्चातून का काढावी? कंत्राटी कामगारांची आणि ट्रेनींची स्थिती आणखी अवघड. त्यांना कंपनीचा मेल आयडी नसतो, संगणकाला हात लावायची परवानगी नसते, सुधारणा मात्र त्यांनीही सुचवायची असते. चाकणच्या असेंब्ली लाईनवरच्या मुली आणि बायांचे म्हणणे तर त्यांच्या लाईन लीडरच्या तोंडूनच वर पोचते. पाळी सुटल्यावर घरची पाळी सुरू होत असल्याने त्यांना संध्याकाळचा क्लास म्हणजे अशक्यच. आठवड्यातून दोन तास, पाळीच्या वेळेत, ट्रेनिंग रूममध्ये, कायम-कंत्राटी असा भेद न करता हे शिक्षण दिले, तर उत्पादनाचे जे थोडे नुकसान होईल ते एका नीट मांडलेल्या सुधारणेत भरून निघण्याजोगे आहे.

ज्याला शिकायचेच नाही, त्याच्यावर जबरदस्तीही नको. हाताने काढलेला चार्ट पेपर स्पर्धेत पीपीटीच्या बरोबरीने चालावा आणि परीक्षकांनी सजावटीचे गुण कमी करून ‘कळले कसे’ या प्रश्नाचे गुण वाढवावेत. इंजिनिअरने आकडेमोड तपासावी, आलेख काढायला मदत करावी, पण क्रम आणि वाक्ये ज्याने शोध लावला त्याचीच राहावीत. पाठ करून म्हटलेले सादरीकरण परीक्षकांना दोन प्रश्नांत ओळखता येते; ते ओळखून गुण कापण्याचे धैर्यही त्यांनी दाखवावे.

आणि पाळी सुटल्यावर सांगवीतल्या एखाद्या क्लासमध्ये नाव घालायला निघालेल्या वाचकाला एवढेच सांगणे : पहिल्या दिवशी आपल्या लाईनवरचा एक खरा प्रश्न कागदावर लिहून सोबत न्या, आणि शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना सांगा की मला हाच पडद्यावर मांडायचा आहे, बाकीचे नंतर शिकवा.