एन-दोरच्या बाईची भाकर

"अण्णा, शमुवेल खरंच आलता का?"

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक बाई आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि पाण्याचा घोटही न घेता तिनं हे विचारलं. ती आमच्या मेथडिस्ट मंडळीतली. माहेर भालकीकडचं, घरात मराठी, बाजारात कन्नड. सात महिन्यांपूर्वी हुमनाबादच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात तिचा थोरला मुलगा गेला. पंधरवडाभर शेजारपाजारच्या घरांत पितरांची पानं वाढली जात होती, गच्चीवर कावळ्याची वाट पाहिली जात होती आणि हिच्या घरात मुलासाठी करण्यासारखं काहीच नव्हतं. मग कुणीतरी तिला एका देवऋषीकडं नेलं. त्यानं सुपात दाणे टाकले, अंग घुमवलं आणि मुलाच्या आवाजात म्हणाला, "आई, तहान लागलीय." पहिल्या खेपेला पाचशे रुपये, दुसऱ्या खेपेला तीन हजार. तिसरी खेप व्हायच्या आत मंडळीत बातमी फुटली आणि रविवारी अनुवादाचा अठरावा अध्याय वाचला गेला. मृतांना विचारणाऱ्याचा परमेश्वराला वीट आहे, असं सांगणारा तो उतारा. नाव कुणी घेतलं नाही. माना मात्र सगळ्यांच्या तिच्याकडं वळल्या, आणि त्यानंतर तिच्या दारात कुणी गेलं नाही.

तिनं घरी बसून पुढची पानं चाळली आणि पहिल्या शमुवेलाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायापाशी थांबली. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शमुवेल संदेष्टा मेलाय, त्याला रामा गावी पुरलंय. शौल राजानं मृतांना बोलावणाऱ्या सगळ्यांना देशातून हाकलून दिलंय. पुढ्यात पलिष्ट्यांची फौज उभी आहे आणि देव स्वप्नातून बोलत नाही, संदेष्ट्यांमार्फतही बोलत नाही. घाबरलेला राजा वेष पालटतो आणि रात्री दोन माणसं घेऊन एन-दोर गावच्या अशाच एका बाईच्या दारात उभा राहतो. "शमुवेलाला वर आण," म्हणतो. झगा पांघरलेला एक म्हातारा वर येतो आणि आधी विचारतो, मला का त्रास दिलास? मग सांगतो की उद्या तू आणि तुझी मुलं माझ्याजवळ असाल.

तर, शमुवेल खरंच आला होता का? मी तिला खरं तेच सांगितलं. गोष्ट सरळ वाचली तर तो शमुवेलच आहे. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेननं तसंच मानलं. चौथ्या शतकात अंत्युखियाच्या युस्टेथियसनं त्याच्याविरुद्ध अख्खा ग्रंथ लिहिला आणि हे सोंग सैतानाचं आहे असं ठरवलं. तो वाद अजून मिटलेला नाही.

पण मला त्या गोष्टीत दुसरंच काही दिसतं. उद्याच्या मरणाची वेळ सोडली, तर मेलेल्या शमुवेलानं शौलाला नवं काय सांगितलं? तुझं राज्य काढून घेतलं गेलंय, हे तो जिवंतपणी तोंडावर सांगून गेला होता. राजा जी भीती मनात घेऊन आला तीच त्याला परत मिळाली, फक्त मेलेल्याच्या आवाजात. आमच्या देवऋषीनंही वेगळं काय केलं? भर उन्हात रस्त्यावर पडलेल्या लेकाच्या तोंडात पाणी पडलं असेल का, हा विचार त्या आईला सात महिने झोपू देत नव्हता. त्यानं तोच उचलला, लेकाचा आवाज लावला आणि तिला विकला. बायबलची मनाई माझ्या मते इथं उभी आहे. दुःखी माणसावरच्या रागातून ती आलेली नाही. शोकात माणसाची कातडी सोललेली असते आणि अशा माणसाला लुटणं फार सोपं असतं, म्हणून ती आहे.

मेलेल्यांचा आवाज शोधत जाणं हे अडाणी लोकांचं काम, असं कुणी म्हणू नये. सर ऑलिव्हर लॉज हे नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ. 1915 साली युद्धात त्यांचा मुलगा रेमंड गेला. मृतांशी बोलतो म्हणणाऱ्या माध्यमांच्या बैठकांना ते बसले आणि 1916 मध्ये त्यावर मोठं पुस्तक छापून मोकळे झाले. आणि आम्हा मेथडिस्टांनी तर नाकं मुरडूच नयेत. जॉन वेस्ली शाळेत असताना, 1716 च्या डिसेंबरात, एपवर्थच्या त्यांच्या घरात ठकठक आणि पावलांचे आवाज सुरू झाले. घरच्यांनी त्या भुताचं नावसुद्धा ठेवलं होतं, जेफ्री. वेस्लीनं पुढं सगळ्यांच्या हकिकती जमवल्या. चेटूक नाकारणं म्हणजे बायबल नाकारणं, असं 1768 मध्ये त्यानं रोजनिशीत लिहून ठेवलंय. आमच्या पंथाचा मूळपुरुषच असा, तर त्या आईकडं वळून पाहणाऱ्या माना जरा सैल करायला हव्यात.

बायबलमधले मेलेले लोक एरवी फार गप्प आहेत. जुन्या करारात राजा असो की गुलाम, सगळे अधोलोकात जातात आणि तिथं शांतता आहे. दावीदाचं तान्हं बाळ गेलं तेव्हा तो जमिनीवरून उठला, अंघोळ केली, जेवला आणि म्हणाला की मी त्याच्याकडं जाईन, तो माझ्याकडं परत येणार नाही. धुळीत झोपलेले जागे होतील ही आशा दानिएलाच्या शेवटच्या अध्यायात स्पष्ट होते आणि नव्या करारात ती सगळ्यांच्या मध्यावर येते. म्हणूनच आमच्या कबरींवर 'प्रभूमध्ये निद्रिस्त' असं कोरतात. लूकच्या सोळाव्या अध्यायातला मेलेला श्रीमंत माणूस विनवतो की माझ्या पाच जिवंत भावांकडं मेलेल्या लाजराला पाठव. अब्राहाम नाही म्हणतो.

मरण आणि ते जागं होणं यांच्या मधल्या काळात मेलेल्यांसाठी काही करायचं का, यावर मात्र चर्चमध्येच फूट आहे. कॅथलिक बांधव मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा आधार घेऊन मृतांसाठी प्रार्थना करतात. 2 नोव्हेंबरला ते दफनभूमीत मेणबत्त्या लावतात, कबरी धुतात, फुलं वाहतात. आम्ही प्रॉटेस्टंटांनी ते पुस्तक शास्त्राबाहेर ठेवलं आणि ती प्रार्थनाही बंद केली. सिद्धांत म्हणून मला ते पटतं. पण रिकाम्या हातांचं काय, हा प्रश्न आपण सोडून दिला. शेजारणीच्या हाती पिंड आहे, कॅथलिक आईच्या हाती मेणबत्ती आहे. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि पुढं आमच्या बाईच्या हाती काहीच उरलं नाही. त्या रिकाम्या हातात देवऋषीनं सूप ठेवलं.

आमच्याच जिल्ह्यात, अफजलपूर तालुक्यात, भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापूर आहे. दत्ताच्या दुपारच्या आरतीला मी तिथं उभा राहिलोय. भुतानं धरलंय असं मानलेली माणसं तिथं येतात, 'झाडं' म्हणतात त्यांना. केस मोकळे सोडून किंचाळणारी, खांबाला लटकणारी माणसं, मी पाहिलेल्यांत बायका अधिक. सोलापूर, लातूर, पुण्याकडून घरची माणसं त्यांना घेऊन येतात, आठवडेच्या आठवडे राहतात, मधुकरी मागून खातात. तिथं कुणाच्या अंगातून मेलेलं माणूस निघून जातं यावर माझा विश्वास नाही. पण आलेल्याला 'तुझं लाजिरवाणं आहे, घरी जा' असं तिथं कुणी म्हणत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. भूत काढायच्या नावाखाली बांधून मारणं, लुबाडणं यांविरुद्ध महाराष्ट्रात 2013 चा आणि कर्नाटकात 2017 चा कायदा आहे, आणि ते असायलाच हवेत. मात्र देवऋषीला पोलिसांनी नेलं तरी त्या आईच्या शेजारी कोण बसणार?

एन-दोरची गोष्ट आपण शमुवेल गेला की मिटून ठेवतो. ती तिथं संपत नाही. राजा जमिनीवर आडवा पडलाय, दिवसरात्र त्याच्या पोटात अन्न नाही. तीच बाई, जिच्यासारख्या बायकांना त्यानं हाकललं, जवळ येते आणि म्हणते, थोडं खा. तो नको म्हणतो. ती ऐकत नाही. घरातलं पुष्ट वासरू कापते, पीठ मळते, बेखमीर भाकरी भाजते आणि त्याला बसवून वाढते. आपल्याकडं ज्या घरात चूल पेटत नाही तिथं शेजारी पिठलं-भाकरी नेऊन कडू घास देतात, तसंच हे. त्या रात्री राजाशी माणसासारखं वागली ती हीच.

गेल्या गुरुवारी आम्ही मंडळीतले सहाजण डबे घेऊन त्या आईच्या घरी गेलो. प्रार्थना दोन मिनिटांची झाली. मग ती बोलत राहिली: तो दहावीत दोनदा नापास झाला ते, गॅरेजमधून पहिला पगार आणून त्यानं तिच्यासाठी मिक्सर घेतला ते, त्याला अंबाडीची भाजी किती आवडायची ते. रात्रीचे साडेदहा झाले. आमचे डबे तिनं बाजूला सारले, चूल पेटवली आणि आमच्यासमोर गरम भाकरी टाकायला सुरुवात केली. मी एकीवर थांबलो, तर रागावली.

"अजून एक घ्या, अण्णा. तो चार खायचा."