विलीनीकरण : कागदावरचे आणि आकाशातले

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. २००७ नंतरची काही वर्षे दिल्लीच्या विमानतळावर या म्हणीचा प्रत्यय अनेक प्रवाशांनी घेतला. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात एक झाल्या होत्या. परंतु देशांतर्गत विमाने एका टर्मिनलवर आणि परदेशी विमाने रस्त्याने काही किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्याच टर्मिनलवर, अशी स्थिती होती. नागपूरहून येऊन पुढे लंडनला जाणाऱ्या प्रवाशाला सामानसुमान घेऊन एका घरातून दुसऱ्या घरी जावे लागे. २०१० मध्ये टर्मिनल तीन सुरू झाल्यावरच ही दोन्ही घरे एका छपराखाली आली.

या जुन्या गोष्टीचे स्मरण होण्यास कारण घडले ते १२ नोव्हेंबर २०२४ रोजी. त्या दिवशी ‘विस्तारा’ ही विमानकंपनी एअर इंडियात विलीन झाली. ९ जानेवारी २०१५ रोजी दिल्ली ते मुंबई या उड्डाणाने सुरू झालेले हे नाव दहा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच इतिहासजमा झाले. त्याआधी महिनाभर, १ ऑक्टोबरला, पूर्वीची एअरएशिया इंडिया ही कंपनी एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये सामावली गेली होती. चार कंपन्यांच्या अशा रीतीने दोन झाल्या. एक पूर्ण सेवा देणारी, दुसरी स्वल्प दराची.

विमानकंपन्या एकत्र का येतात, हे समजणे अवघड नाही. एकाच मार्गावर, जवळपास एकाच वेळी दोन विमाने अर्धी रिकामी उडविण्यापेक्षा एक विमान भरून न्यावे आणि दुसरे वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या शहराकडे पाठवावे, हा साधा हिशेब आहे. दिल्लीहून लंडन, पॅरिस व फ्रँकफर्ट येथे एअर इंडिया आणि विस्तारा या दोघींचीही विमाने जात असत. दिल्ली व मुंबई येथील धावपट्ट्यांवर उतरण्या-उडण्याच्या वेळा मोजक्याच असतात. त्या एका हाती आल्या की वेळापत्रकाची नव्याने मांडणी करता येते, लहान शहरांतून येणारे प्रवासी मोठ्या विमानांना जोडून देता येतात. कागदावर हे गणित निर्दोष आहे. प्रश्न असा की, त्यातून होणारी बचत कोणाच्या वाट्याला येते?

२००७ चा अनुभव या बाबतीत बोलका आहे. इंडियन एअरलाइन्सचे मुख्यालय दिल्लीत, एअर इंडियाचे मुंबईत नरिमन पॉइंटला. एकीचे जाळे देशभर, दुसरीचे परदेशात. एकमेकींना इतक्या पूरक कंपन्या शोधूनही सापडल्या नसत्या. तरीही त्यांची उड्डाणे एका सांकेतिक नावाखाली येण्यास २०११ साल उजाडले. सेवाज्येष्ठता, भत्ते, बढत्या हे प्रश्न अनिर्णितच राहिले आणि त्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली तीही २०११ मध्येच, म्हणजे विलीनीकरणानंतर चार वर्षांनी. त्या वर्षी पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी संपावर गेले. पुढच्या वर्षी पूर्वीच्या एअर इंडियाचे वैमानिक, ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण कोणाला द्यावे या वादावरून, ५८ दिवस संपावर राहिले. लग्न लागले, पण संसार काही जुळला नाही.

या अपयशाची किंमत अखेर कोणी मोजली? ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटा समूहाची १८,००० कोटी रुपयांची बोली सरकारने स्वीकारली, तेव्हा एअर इंडियावरील एकूण कर्ज ६१,५६२ कोटींच्या घरात होते. त्यातील १५,३०० कोटी नव्या मालकाने पत्करले, उर्वरित भार सरकारी कंपनीकडे, म्हणजे पर्यायाने करदात्यांकडे राहिला. सगळाच दोष विलीनीकरणाला देणे न्यायाचे होणार नाही. विमानखरेदीचे कर्ज, इंधनाचे दर, वाढलेली स्पर्धा ही कारणेही होतीच. परंतु एकत्र येण्यातून जी बचत अपेक्षित होती ती झाली नाही, हे निर्विवाद आहे.

आमच्या वाचकांपैकी बँक कर्मचाऱ्यांना हे सारे परके वाटू नये. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. संगणकप्रणाली जुळविणे, ज्येष्ठतेची यादी लावणे, एकाच चौकात समोरासमोर आलेल्या दोन शाखांपैकी कोणती ठेवावी हे ठरविणे, या कामांतून अनेक जण गेले आहेत. ग्राहकांनीही नवे आयएफएससी क्रमांक आणि नवी धनादेश पुस्तके स्वीकारली. त्या अनुभवाचा मथितार्थ एवढाच की, विलीनीकरण संचालक मंडळाच्या ठरावाने जाहीर होते, मात्र ते पूर्ण होते काउंटरवर.

या दृष्टीने पाहता २०२४ चे विलीनीकरण अधिक पूर्वतयारीने झाले, हे मान्य करावे लागेल. मूळ घोषणा नोव्हेंबर २०२२ ची, भारतीय स्पर्धा आयोगाची मान्यता सप्टेंबर २०२३ ची, प्रत्यक्ष एकीकरण त्यानंतर वर्षभराने. जुन्या विस्ताराच्या उड्डाणांना एअर इंडियाचे सांकेतिक नाव पहिल्या दिवसापासून मिळाले. तरी कर्मचाऱ्यांच्या प्रश्नाने याही वेळी डोके वर काढलेच. नव्या वेतनरचनेबद्दल वैमानिकांत असलेल्या नाराजीच्या पार्श्वभूमीवर एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराला अनेक उड्डाणे रद्द करावी लागली व वेळापत्रक सुमारे दहा टक्क्यांनी आखडते घ्यावे लागले.

मात्र माझ्या मते खरी चिंता कंपन्यांच्या आत नसून बाहेर आहे. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये जमिनीवर आली. त्यात आता विलीनीकरणांची भर पडली. परिणामी देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे नऊ दशांश प्रवासी केवळ दोन समूहांच्या विमानांतून जातात, आणि त्या दोघांचीही मुख्यालये गुरुग्राममध्येच आहेत. याचा अर्थ काय होतो, ते डिसेंबर २०२५ मध्ये दिसले. वैमानिकांच्या विश्रांतीविषयीचे नवे नियम लागू झाल्यावर इंडिगोचे कामाच्या पाळ्यांचे नियोजन कोलमडले आणि ५ डिसेंबर या एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. दिल्लीहून सुटणारी त्या कंपनीची सर्व देशांतर्गत विमाने त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत थांबली. प्रवाशांनी दुसरीकडे धाव घेतली तर तिथले भाडे गगनाला भिडलेले, म्हणून सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. बाजारात चार-पाच सक्षम कंपन्या असत्या, तर एकीची चूक देशाची अडचण ठरली नसती.

लहान शहरांचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. दिल्ली-मुंबई मार्गावर विमानांची वाण कधी पडणार नाही. परंतु राजधानीत स्थायिक झालेल्या नांदेडच्या कुटुंबाने काय करावे? २०२४ मध्ये गाझियाबादजवळच्या हिंडन विमानतळाहून नांदेडला थेट विमानसेवा सुरू झाली, ती एका लहान कंपनीने केली. मुख्य मार्गांवर विमाने उडविणाऱ्या कंपन्यांनी ठरावीक प्रमाणात ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान व अन्य शहरांनाही सेवा द्यावी, असा दंडक सरकारने १९९४ मध्येच घातला आहे. पण तो आसनक्षमतेची गोळाबेरीज पाहतो. अमुक एका शहराचा दुसरा पर्याय विलीनीकरणामुळे नाहीसा झाला काय, हे त्या हिशेबात उमटत नाही.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात असे वाटते. ज्या मार्गांवर विलीनीकरणामुळे दोन पर्यायांचा एकच उरतो, त्या मार्गांवरील भाडे व फेऱ्यांची संख्या निदान तीन वर्षे जाहीरपणे प्रसिद्ध व्हावी. तसेच मोठ्या मार्गांवरून मोकळी होणारी विमाने कोठे गेली, याचा वार्षिक जमाखर्च नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मांडावा. हे कोणत्याही कंपनीच्या मार्गात आडवे येणे नव्हे. बँक ज्याप्रमाणे कर्ज मंजूर करून थांबत नाही, पैसा ठरलेल्या कामीच लागला की नाही हे पाहते, त्यातलाच हा प्रकार आहे.

विलीनीकरण यशस्वी झाले असे ताळेबंद सांगेल, तेव्हा सांगो. नांदेडच्या प्रवाशाला दिल्लीला येण्यासाठी आधी हैदराबाद किंवा मुंबई गाठावी लागत नसेल, तर ते खऱ्या अर्थाने पार पडले असे समजावे.