सगळी जुनी काच ‘बेल्जियम’ची नसते

१/ ठाणे-कल्याणमधील जुने वाडे आणि डोंबिवलीतील चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. त्यांच्या फडताळांतून निघालेली रंगीत काचेची फुलदाणी हमखास ‘बेल्जियमची’ ठरते. हे नाव बहुधा पुराव्यातून आलेले नसते. ते प्रतिष्ठेपोटी चिकटलेले असते.

२/ बेल्जियमची काच थोर होती, यात वाद नाही. लिएजजवळील वाल सां लांबेर हा कारखाना १८२६ पासूनचा. परंतु पहिल्या महायुद्धापूर्वी भारतात येणाऱ्या काचसामानात ऑस्ट्रिया-हंगेरीचा वाटा मोठा होता आणि काचकामासाठी विख्यात असलेला बोहेमिया त्याच साम्राज्यात होता. युद्धाने ती वाट अडवली, तेव्हा जपानी माल पुढे सरसावला.

३/ हा माल इकडे पोहोचणे अवघड नव्हते. १८५३ मध्ये ठाणे आणि १८५४ मध्ये कल्याण रेल्वेने मुंबईशी जोडले गेले होते.

४/ मग ओळख कशी पटवावी? आधी तळ पाहावा. फुंकून घडवलेल्या काचेच्या तळाशी सळई तोडल्याचा खडबडीत व्रण किंवा तो घासून काढल्याची गुळगुळीत खळगी असू शकते. साच्यातल्या काचेवर सांध्याची रेघ दिसते. खऱ्या वापराचे ओरखडे आडवेतिडवे असतात. एकाच दिशेचे, एकसारखे ओरखडे संशय वाढवतात.

५/ अक्षरे असतील तर इतिहास थेट बोलतो. ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ असा शिक्का असलेली वस्तू १९१८ पूर्वीची असूच शकत नाही, कारण तो देशच तेव्हा जन्मला. ती पणजोबांच्या १९१० मधील लग्नातला आहेर असल्याची कथा तिथेच कोसळते. मात्र शिक्का नसणे हा कशाचाच पुरावा नव्हे. कागदी लेबले धुण्यात निघून जातात.

६/ अतिनील प्रकाशात हिरवी चमकणारी युरेनियम काच बोहेमियात १८३० च्या दशकात लोकप्रिय झाली, पण ती इतर देशांतही बनली आणि आजही बनते. चमक घटकद्रव्य सांगते, देश नव्हे.

७/ ‘बेल्जियम’च्या धोशात आपलीच काच झाकली जाते. लोकांच्या एकेका पैशातून उभा राहिलेला तळेगावचा पैसाफंड काच कारखाना १९०८ चा. कराडजवळ ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना १९१६ चा. त्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. या उद्योगाच्या खुणा भंगारात जाणे ही खरी हानी आहे.

८/ तरीही उलटी चूक नको. बिनशिक्क्याची फुलदाणी अभिमानापोटी ‘तळेगावची’ ठरवणे हेदेखील ‘बेल्जियमची’ म्हणण्याइतकेच निराधार. स्वदेशीचे प्रेम पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

९/ वाडा रिकामा करणाऱ्या कुटुंबांनी विक्रीपूर्वी चार गोष्टी कराव्यात: तळाचे स्पष्ट छायाचित्र, उंची व वजनाची नोंद, जुनी पावती असल्यास जतन, आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून ती वस्तू कोणी, कुठून, साधारण केव्हा आणली याची टिपणी. काच शंभर वर्षे टिकते; तिची हकिगत मात्र सांगणाऱ्या माणसाबरोबर जाते. ‘मूळ अज्ञात’ अशी प्रामाणिक नोंद खोट्या ‘बेल्जियम’पेक्षा इतिहासाला अधिक मोलाची आहे.