काकांचं पेजमेकर

रविवारी राजारामपुरीत काकांच्या डीटीपी सेंटरवर टपकलो. मंडळी, तिथं अजून पेजमेकर ७.० चालतं. २००१ सालचं! अ‍ॅडोबीनं २००४ मध्येच त्याचं पुढचं काम थांबवलं, पण काकांच्या लग्नपत्रिका त्यातच सेट होतात. "काका, बदला की आता," म्हटलं तर म्हणाले, "हात बसलाय रं. आणि वीस वर्षांच्या फायली कुठं टाकू?"

बरोबरच होतं त्यांचं.

मग त्यांना ओपनऑफिसची गोष्ट सांगितली. २०१० मध्ये ओरॅकलनं सन कंपनी घेतली आणि हे फुकटचं ऑफिस पॅकेज वापरणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. त्याच सप्टेंबरात त्यातल्या काही मंडळींनी वेगळी चूल मांडली, नाव लिबरऑफिस. फाउंडेशन उभारायला ५० हजार युरो हवे होते. फेब्रुवारी २०११ मध्ये लोकांनी वर्गणी काढून ते आठ दिवसांत जमवले. नाद खुळा! (आपल्या मंडळाची वर्गणी आठवा जरा.) आणि २०१५ पासून ते पेजमेकरच्या फायलीही उघडतं.

लगेच लॅपटॉपवर टाकलं, एक जुनी पत्रिका उघडली. लेआउट बराचसा आला, पण 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला! युनिकोडच्या आधीचा फॉन्ट, माझ्याकडं कुठला असणार? काकांच्या मशीनवरनं तो आणला, तेव्हा कुठं गणपती दिसले.

काकांनी चष्मा वर केला. "ती वर्गणी अजून घेतात काय रं? दोनशे घाल माझ्या नावानं."

पेजमेकर मात्र काढू दिलं नाही.