पोलिसांनी जपलं, आपण भंगारात घातलं

दोस्तांनो, कडू आहे पण ऐका. काळाराम सत्याग्रहाची दिवसागणिक नोंद कुणी ठेवली? आपण नाही. इंग्रजाच्या पोलिसांनी.

२ मार्च १९३० ला नाशकात सत्याग्रह सुरू झाला. देवळाची दारं बंद झाली. आपली माणसं दारांशी बसली, दगड खाल्ले, जेलात गेली. कोण काय बोललं, किती जमले, हे सरकारचे खबरे लिहीत होते. ५२ वर्षांनी, १९८२ साली, महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या चळवळीचा साधनग्रंथ काढला, तो या गुप्त अहवालांवर आणि वर्तमानपत्रांच्या बातम्यांवर. म्हणजे ज्याने काठी उगारली त्याच्याच वहीत आपला बाप शोधायचा. त्या वहीत आपण कोण? जमाव. जमावाला नाव नसतं, भूक नसते, काखेत लेकरू नसतं.

माझ्या आजीची आई त्या दारात बसली होती. काखेत पोर, पदराला भाकर. आजी सांगायची म्हणून मला ठाऊक. घरात एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात वतनाचे कागद, वर्गणीच्या पावत्या, एक फोटो. घराचे पत्रे बदलताना चुलत्याने ती भंगारवाल्याला दिली. किलोवर. मी गोदीत माल उतरवतो. तिथं एक पेटी कमी भरली तर टॅली क्लार्क बोंब ठोकतो. आमची ट्रंक गेली, घरात कुणी हूं की चूं केलं नाही. चुलत्याला मी शिव्या देत नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कचरा म्हटलं, तो आपल्या कागदाला दुसरं काय म्हणणार?

पण दादासाहेब गायकवाड बघा. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा माणूस, या सत्याग्रहाचा कणा. बाबासाहेबांची पत्रं त्यांनी जपली. त्यातलंच एक ३ मार्च १९३४ चं. मंदिरप्रवेशाचा लढा आता नको, असं बाबासाहेब त्यात कळवतात. मूर्तिपूजक व्हायला तो लढा नव्हताच, आपल्या माणसांना जाग यावी म्हणून होता. आता ताकद शिक्षणात आणि राजकारणात लावा. पुढल्या साली, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्याची घोषणा झाली. उद्या कुणी उठून म्हणेल, आंबेडकरांना रामाचं दर्शन पाहिजे होतं. त्याच्या तोंडावर मारायला आपल्यापाशी कागद आहे. एका माणसाने जपला म्हणून आहे.

आणि जिथं कागदच नाही तिथं? तिथं तोंड आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून चळवळीतल्या बायांना शोधत हिंडल्या, त्यांना बोलतं केलं. १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ निघालं. म्हातारीचं बोलणं म्हणजे पुरावा नव्हे म्हणणाऱ्या पंडितांनी ते वाचावं.

इतिहास सोडा, पोटाचं बघा. जातीचा दाखला काढताना सरकार १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतं. ज्याला शाळेच्या दाराबाहेर बसवलं, त्याच्या नातवाला विचारतात, आज्याचा शाळेचा दाखला आण! ट्रंक भंगारात गेली की नातवाचं कॉलेजही तिच्यासंगं जातं.

म्हणून सांगतो. म्हातारी जिती आहे तोवर तिच्यापुढं बसा. मोबाईलमध्ये गाणी भरता, तिचा आवाज भरा. फोटोच्या मागं पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. वस्तीतल्या विहारात एक लोखंडी कपाट ठेवा, आत कुणाचं काय आहे त्याची वही ठेवा, चावी बाया-पोरांच्या हाती द्या. प्रबंध लिहिणारे साहेब गोड बोलत येतील. त्यांना चहा पाजा, नक्कल द्या. अस्सल कागद मात्र वस्तीबाहेर जाता कामा नये.

देवळाचं दार बंद केलं त्यांनी. ट्रंकेचं झाकण तरी आपल्या हातात ठेवू.

जय भीम.